घटातली खारी माती

काका, तुम्ही गेल्यावर घरी भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला की तुम्ही फार भोळे होतात. मी सतरंजीच्या टोकावर बसून ऐकत होतो आणि मला संशय येत होता की ही सगळी मंडळी चुकीच्या घरी आली आहेत. ज्या माणसाने जन्मभर फॅक्टरीच्या तपासणी खात्यात तोफगोळ्यांची कवचं हातात फिरवून पाहिली, जो दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवल्याशिवाय भांडं पुढे करत नसे, जो पोळीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघायचा, तो भोळा? तुम्ही ऐकलं असतंत तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "मेल्यावर सगळाच माल पास करतात."

तुमच्या खोलीच्या खिडकीवरचा काळा कागद अजून तसाच आहे. एकाहत्तरची ही दुसरी लढाई संपली, शहरात दिवे लागले, आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात लोकांनी पेढे वाटले. काकूंनी कागद काढायला घेतला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, राहू दे, लढाई संपली असं ते म्हणून राहिले, आपण कुठे तपासलं. आता तो कागद काढायचा कोणी, हे काकूंना कळत नाही. मलाही नाही.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. सहा वर्षांपासून एक प्रश्न माझ्या पोटात आहे आणि तुम्ही उत्तर न देताच उठून गेलात. तुमच्या घरात राहून मी शिकलो, तुमच्या ताटाशेजारी जेवलो, आज कॉलेजात मुलांना शिकवतो ते त्या चेरीतालच्या खोलीमुळे, हे मी कधी विसरलेलो नाही. पण पासष्टच्या लढाईत माझी खबर फॅक्टरीत कोणी दिली, हेही विसरता आलेलं नाही. उपकार आणि संशय अशी दोन्ही माणसं एकाच खोलीत किती वर्षं राहू शकतात, याचा मी पुरावा आहे.

आपली पहिली भेट आठवते? मी सौंसरहून छोट्या लाईनच्या गाडीने आलो होतो. छिंदवाड्याला गाडी बदलली, नैनपूरला बदलली, उतरलो तेव्हा तोंड कोळशाने काळं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं. बाबा संत्र्याच्या बागेत राखणीला असायचे. तुम्ही आधी माझे हात पाहिलेत, मग चपला, मग ट्रंकेचं कुलूप.

"कोणत्या गावचा?"

"सौंसर."

"शाळा आहे तिथे?"

"आहे."

"शिकवतात का?"

तेव्हापासून मी 'सौंसरवाले' झालो. अंगणातून हाक यायची, "काय सौंसरवाले, उगवलं का काही?" कारण एमएस्सीला मी विषय घेतला होता वाळवंटातल्या खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झाडांचं बी कसं रुजतं, हा. लोक हसायचे. इथे नर्मदेच्या काठाला राहून पोरगा मारवाडची झुडपं काहून शिकून राहिला, असं तुम्हीच शेजारी तिवारीजींना सांगितलं होतं. पण तुम्हीच गोहलपूरच्या सुताराकडे जाऊन माझ्या खिडकीला बसेल अशी लाकडी फळी करून आणली, काचेच्या बशा ठेवायला. फळीचे चारही कोपरे गुण्या लावून काटकोनात आहेत की नाहीत हे पाहिल्यावरच ती भिंतीला लागली.

त्या झुडपाला तिकडे लाणी म्हणतात. जिथे जमिनीवर मिठाची पांढरी साय धरते तिथे ते वाढतं. बी बारीक, काळं, चकचकीत. आत कोंब गोल गुंडाळलेला असतो, घड्याळाच्या कमानीसारखा, आणि ओल मिळाली की ती कमान उलगडते. मी तुम्हाला भिंगातून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ डोळा काढला नव्हता. मग म्हणालात, "स्प्रिंग आहे ही. बसवली कोणी?"

गोड्या पाण्याच्या बशीत ते बी दोन-तीन दिवसांत रुजलं. खाऱ्या पाण्याच्या बशांत महिना झाला तरी काही नाही. आमचे सर म्हणाले, मिठाने बी मेलं असं लिहा आणि पुढे चला. मला ते पटेना. वाढलेलं झाड मिठात उभं राहतं आणि त्याचंच बी मिठात मरतं, मग त्या वाळवंटात ते झाड आलं कुठून? तुम्ही सरांच्या बाजूने होतात. जेवताना आपला वाद व्हायचा. जे चाललं नाही ते रद्द, तुम्ही म्हणायचात, रद्द मालाला आम्ही दुसऱ्यांदा विचारत नाही. मी म्हणायचो, जिवंत वस्तू गप्प बसली म्हणजे मेली असं नाही. काकू मध्येच भाजी वाढून म्हणायच्या, तुम्ही दोघं गप्प बसा म्हणजे वरण गरम खाता येईल.

मग सरांच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांनी बाडमेरकडून तिथली मातीच पाठवली, पांढऱ्या कापडात शिवलेली चांगली जड थैली. तिच्यात मागच्या हिवाळ्यात झाडांवरून गळलेलं बी आपसूक होतं. कित्येक महिने मिठात पडून राहिलेलं बी मेलं की नाही, हे त्या मातीवरूनच कळणार होतं. माझी परीक्षा त्या थैलीवर होती. थैली कॉटखाली ठेवली आणि त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली.

ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. भोंगा वाजला की सगळं चेरीताल अंधारात. जिकडे तिकडे फॅक्टऱ्या, म्हणून पहिला बॉम्ब इथेच पडणार याची प्रत्येकाला खात्री. विमानातून माणसं उतरली, विहिरीत काही टाकलं, रोज नवी बातमी. ओळखीचा माणूससुद्धा आधी पिशवीकडे पाहून मग नमस्कार करायचा. तिवारीजी मोहल्ल्याचे वॉर्डन झाले होते आणि त्यांना शिट्टी मिळाली होती. पहिल्याच दिवशी ते तुम्हाला म्हणाले, "भैया, आपके लड़के की खिड़की में चाँदनी में शीशे चमकते हैं. ऊपर से दिखता होगा." माझ्या बशा त्या. मी त्यांच्यावर वर्तमानपत्र झाकलं. दोन दिवसांनी ते पुन्हा आले. पोस्टमनने सांगितलं होतं की माझ्या नावाने सरहद्दीकडून पार्सल येतं. सरहद की मिट्टी घर में काहे को, असं त्यांनी विचारलं, आणि हे ठाण्यात सांगावं लागेल असंही म्हणाले. तुम्ही ओट्यावर बसून दाढी करत होतात. वस्तरा थांबला नाही, पण आरशातून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मला ओळखीची होती. कवचाला तडा आहे का, हे तुम्ही तसंच पाहत असाल.

त्या शनिवारी मी कॉलेजातून आलो तर कॉटखाली थैली नव्हती. खोलीचं कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली तुमच्या जानव्याला.

मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "थैली? कोणती थैली?"

ज्या माणसाला माझ्या सदऱ्याचं एक बटण निराळ्या रंगाचं आहे हे माझ्याआधी कळलं होतं, त्याला थैली आठवत नव्हती. मी अंगणात उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, बागेतल्या मचाणावर कंदील घेऊन बसलेले. त्यांना काय सांगणार होतो, कोणीतरी माती चोरली म्हणून मी नापास झालो?

सोमवारी फॅक्टरीच्या सुरक्षा खात्याचे साहेब घरी आले. जीपमधून उतरून त्यांनी सरळ माझीच खोली विचारली. बशा पाहिल्या, कॉटखाली वाकून पाहिलं, ट्रंक उघडायला लावली. सुना है बॉर्डर से पार्सल आता है, असं ते म्हणाले. तुम्ही दारात टेकून उभे होतात, शर्टाच्या बाह्या खाली केलेल्या, जसे ड्यूटीवर.

"आता था, साहब. घास का बीज. लड़का कॉलेज में घास उगाता है, और वो भी उगती नहीं."

साहेब हसले. काकूंनी चहा दिला. मला वाटलं, सुटलो. पण जाताना फाटकाजवळ त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपने अच्छा किया." मी खिडकीआड होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

काय अच्छा किया, काका? त्या तीन शब्दांवर मी सहा वर्षं काढली.

तुम्ही खबर दिलीत, थैलीही तुम्हीच त्यांच्या हवाली केलीत, आणि नंतर माझ्यासमोर मला वाचवल्याचं नाटक केलंत, असं मी धरून चाललो. खोली सोडावी असंही ठरवलं होतं. सोडली नाही, कारण जायला जागा नव्हती, आणि काकूंच्या हातचं जेवण होतं. तेव्हापासून तुम्ही पाणी पुढे केलंत तरी मी आधी पेल्यात पाहायचो. तुम्हाला ते दिसत होतं.

लढाई थांबली आणि लगेच नवरात्र आलं. काकूंनी घट बसवला. टोपलीत पत्रावळ, तिच्यावर माती, मातीत सात धान्यं, मध्ये मातीचा घट पाण्याने भरलेला, पाझरत राहणारा. पाचवी माळ चढली तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांकडे गव्हाचे कोंब बोटभर वर आले होते. आपला घट टकला. काकूंच्या चेहऱ्याकडे मला पाहवत नव्हतं. घट उगवला नाही म्हणजे घरावर काही येणार, असं त्या बोलत नव्हत्या, पण दिवसातून चारदा जाऊन मातीवर हात ठेवायच्या. तिवारीजींच्या घरून दर्शनाला आलेल्या बाईंनी इकडे तिकडे पाहून सुचवलं की घरात बाहेरचा माणूस असला की देवी रुसते. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "पोरगं आमचंच आहे." पण त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता.

मग तुम्ही आलात. घटासमोर बसलात, चिमूटभर माती उचललीत आणि जिभेवर ठेवलीत. काकू म्हणाल्या, अहो, देवीच्या पुढ्यातली माती. तुम्ही उठून मोरीत थुंकलात.

"खारी आहे," तुम्ही म्हणालात. आणि काकूंकडे न पाहता माझ्याकडे पाहिलंत.

माझी माती होती ती. बाडमेरची. साहेबांच्या जीपमध्ये गेली असं मी समजत होतो ती देवीच्या घटाखाली होती. काकूंनी ती परसातल्या बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखालून आणली होती, जिथून दर वर्षी आणतात. बिहीच्या झाडाखाली ती गेली कशी, हे त्या घरात कोणीच विचारलं नाही. काकूंनी नाही, मी नाही. आपण तिघं तीन बाजूंना बसलो होतो आणि मध्ये समई जळत होती.

सातव्या माळेला मातीत काहीतरी दिसलं. काकूंनी मला हाक मारून बोलावलं, गहू तांबडा असतो का रे बाबू, असं विचारत. गहू नव्हता. टाचणीएवढे, मांसल, तांबूस कोंब, दोन-दोन पानांचे. लाणी. घटातून पाझरणाऱ्या पाण्याने टोपलीतलं मीठ धुऊन खाली गेलं होतं, आणि जे बी कित्येक महिने मिठात गप्प पडलं होतं ते उठून उभं राहिलं होतं. मेलं नव्हतं. थांबलं होतं.

मी धावत खोलीत गेलो. महिनाभर खाऱ्या पाण्यात पडलेल्या बशांतलं बी गाळून, धुऊन गोड्या पाण्यात टाकलं. दोन दिवसांनी कमानी उलगडल्या. सरांनी भिंगातून पाहिलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करून दाखवायला लावलं. मी दोनदा करून दाखवलं. माझी पदवी त्या घटातून आली, काका. हे मी प्रबंधात लिहिलं नाही, घटाला तिथे जागा नव्हती. इथे लिहितो.

दसऱ्याला घट उठला. काकूंनी कोंब सगळ्यांना वाटले. तुम्ही त्यातले दोन तांबूस कोंब टोपीत खोवलेत, जसा दर दसऱ्याला गहू खोवायचात, आणि फॅक्टरीत मशीनच्या पूजेला गेलात. लढाई थांबली होती, पण फाटकावर डबे उघडून पाहत होते, सायकलच्या पिशव्या उलट्या करत होते. सरहद्दीवरचं रोप तुमच्या टोपीत बसून आत गेलं. टोपी कोणी तपासली नाही. ते काय आहे हे तुम्हाला माहीत होतं का? माझा संशय असा की पुरतं माहीत होतं. संध्याकाळी परत आलात तेव्हा कोंब सुकले होते, तरी टोपी तुम्ही स्वतःच्या हाताने खुंटीला लावलीत, आणि जेवताना मला विचारलंत, म्हणजे ते बी आधी काय करतं? मी सांगितलं. भोवतीचं पाणी खारं आहे तोवर ते तोंड उघडत नाही. पाणी गोडं झालं याची खात्री पटली की मग उघडतं.

"अच्छा," तुम्ही म्हणालात. "म्हणजे बी माझ्यासारखं आहे. आधी तपासणी."

आणि ताटातली पोळी उजेडाकडे धरलीत. काकू हसल्या. मीही हसलो. तेव्हा विचारायला हवं होतं.

त्यानंतर दर नवरात्राच्या आदल्या दिवशी तुम्ही सायकलवर ग्वारीघाटाकडे जायचात आणि घटाची माती स्वतः आणायचात. नदीकाठी वाकून चिमूट तोंडात टाकायचात. मी एका वर्षी बरोबर होतो. तिथला एक नावाडी पाहून म्हणाला, बाबूजी, भूख लगी है क्या? तुम्ही त्याला म्हणालात, "नहीं भैया, इन्स्पेक्शन." परत येताना तुम्ही दोनदा सायकल हळू केलीत, जसं काही बोलायचं आहे. मी वाट पाहिली. मग तुम्ही पायडल मारलंत. माझं लग्न झालं, मी गोरखपूरला बिऱ्हाड केलं, दर रविवारी येत राहिलो. लढाई पुन्हा आली, काळे कागद पुन्हा लागले, आणि कागद लावताना तुम्ही स्टुलावरून खाली पाहून विचारलंत, "या वेळी काही पार्सल-बिर्सल?" मी नाही म्हणालो. आपण दोघांनी एकमेकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. एवढंच.

तेरावं झालं. पाहुणे गेले. काकू परसात बिहीच्या झाडाखाली बसल्या होत्या, मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, थैली कोणी उचलली होती.

"त्यांनीच. इथेच रिती केली. मला तरी कुठे सांगितलं? सांगितलं असतं तर मी देवीला ती माती घातली असती का?"

"आणि खबर?"

त्यांनी चहाकडे पाहिलं. "तीपण त्यांनीच."

मला वाटलं होतं हे ऐकून मला बरं वाटेल, आपला संशय खरा निघाला म्हणून. वाटलं नाही. काकू सांगत गेल्या. तिवारीजी ठाण्यात जाणारच होते. ठाण्यात गेलं की पोराला उचलून नेतात, बसवून ठेवतात, मग कसली परीक्षा. म्हणून तुम्ही त्यांच्या आधी तुमच्याच साहेबांकडे गेलात आणि म्हणालात, माझ्या घरी एक मुलगा आहे, त्याला सरहद्दीकडून पार्सल येतं, तुम्ही स्वतः येऊन पाहून घ्या. फॅक्टरीने तपासून सोडलेल्या मुलाला मग ठाणं हात लावत नाही. आणि साहेब यायच्या आधी माती झाडाखाली गेली होती.

"मला काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून तुमचाच 'काहून' निघाला.

"सांगितलं असतं तर साहेबासमोर तुझा चेहरा बोलला असता. तुला खोटं बोलता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहून घेतलं होतं."

"पण नंतर? सहा वर्षं?"

"नंतर तू विचारलं कुठे, बाबू? ते वाट पाहून राहिले होते. म्हणायचे, सौंसरवाल्याचा अजून माझ्यावर संशय आहे. आणि खूश व्हायचे. म्हणायचे, आपल्या घरात राहून एवढं तरी शिकला."

काका, हे सगळं मी लगेच मान्य केलं असं समजू नका. घरी जाताना सायकलवर मी ते उलटसुलट फिरवून पाहिलं. काकूंनी माझं मन राखायला हे रचलं नसेल कशावरून? की तुम्हीच त्यांना असं सांगून ठेवलं होतंत? घरात असा भाडेकरू ठेवल्याबद्दल नोकरी जाईल ही भीतीही तुम्हाला असेलच. ती नव्हती असं कोणी सांगितलं तर ते मी रद्द करीन. पण ज्याला फक्त स्वतःला वाचवायचं असतं तो थैली साहेबांच्या हातात देतो. बिहीच्या झाडाखाली रिती करत नाही. आणि तो दसऱ्याला टोपीत ते कोंब घालून फॅक्टरीच्या फाटकातून जात नाही. एवढं तपासून झाल्यावर माझ्याकडे विचारायला काही उरलं नाही, आणि गोरखपूरच्या चौकात सायकल धरून मी उभा राहिलो. लोक बाजूने जात होते. तुम्ही गेल्यापासून मी रडलो नव्हतो.

निघताना काकू म्हणाल्या होत्या की यंदा घट तुमचा पुतण्या बसवील. घरात दुखवटा असला तरी कुळाचार मोडता येत नाही. त्यांना स्वतःला पूजेला बसता येईल की नाही यावर नातेवाइकांत कुजबुज चालली आहे, चालू दे म्हणाल्या. मग फाटकाशी थांबून म्हणाल्या, "माती मात्र तू आण. दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही."

आणीन. ग्वारीघाटाला जाईन, तुमच्याच सायकलवर, काकू देतील तर. काठाला वाकेन. चिमूटभर माती जिभेवर ठेवेन, आणि गोड लागली तरी आणखी एकदा ठेवून पाहीन.